बाईंच्या सदतीस वह्या: एका इतिहास मंडळाचं प्रकरण

२०१९ च्या दिवाळीत बाईंना, आमच्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिकेला, काचबिंदू असल्याचं निदान झालं. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, उजव्याची आहे तेवढी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. पंधरा दिवसांनी आमच्या इतिहास मंडळाची बैठक होती. बाईंची विचारपूस झाली, औषधांचं बोलणं झालं, आणि मग खजिनदारांनी विचारलं, "बाईंनी आजवर जी मोडी लिपीतली कागदपत्रं वाचली, ती नेमकी कुणाकुणाच्या घरात आहेत?"

खोलीत आम्ही अकरा जण होतो. एकालाही सांगता आलं नाही. मी चिटणीस. माझ्याकडे इतिवृत्तं होती, पावतीपुस्तकं होती, गडस्वच्छतेचे फोटो होते. पंचेचाळीस वर्षांचं खरं काम मात्र बाईंच्या डोक्यात आणि त्यांच्या घरातल्या दोन पत्र्याच्या ट्रंकांतल्या वह्यांत होतं.

त्या बैठकीनंतरच्या सहा वर्षांत काय घडलं ते इथे मांडतो आहे. कोकणात ठिकठिकाणी अशी छोटी मंडळं आहेत. कुठे एखादे गुरुजी, कुठे निवृत्त पोस्टमास्तर, कुठे आमच्यासारख्या एखाद्या बाई सगळा भार ओढत असतात. त्यांच्या सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो आहे, त्यामुळे आमच्या चुकाही गाळलेल्या नाहीत. हे सगळं बाईंना वाचून दाखवलं. "माझं नाव घालू नको," एवढीच त्यांची अट होती.

बाई आणि मंडळ

बाई १९६६ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या. तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. १९७४ हे शिवराज्याभिषेकाचं तीनशेवं वर्ष. त्या उत्साहात मालवण आणि देवगडच्या मधल्या आमच्या गावात चार शिक्षकांनी मंडळ काढलं. बाकीचे तिघे बदलीने गेले. बाई राहिल्या, २००३ ला निवृत्त झाल्या तरी राहिल्या. अध्यक्ष त्या कधीच झाल्या नाहीत. मानधन सोडाच, एसटीच्या तिकिटाचे पैसेही त्यांनी मंडळाकडून घेतलेले नाहीत. सगळी पावतीपुस्तकं चाळून मी हे सांगतो आहे.

मोडी त्या आजोबांकडून शिकल्या. आजोबा एका खोताकडे कारकून होते. आधी शिरोरेषा ओढायची आणि मग तिला लटकवत हात न उचलता लिहीत जायचं, हे त्यांनी सातव्या-आठव्या वर्षी पाटीवर गिरवलं होतं. पुढे हीच विद्या त्यांना लोकांच्या घरांत घेऊन गेली.

घरात शिरण्याची त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. पुरुषमाणूस ओटीवर सांगायचा, आमच्याकडे काही नाही. बाई वाद घालत नसत. पाणी प्यायला म्हणून आत जात, चुलीपाशी बसत, भाजी निवडू लागत. तासाभराने घरातली बाई सांगायची, "माळ्यार एक गाठोडा आसा. म्हाताऱ्यान बांधून ठेवलेला, कोणी सोडूक नाय." माझ्या मते आमच्या भागातले निम्मे कागद बायकांनी दाखवले. मंडळाच्या अहवालांत यजमान म्हणून नावं मात्र पुरुषांचीच छापली गेली आहेत. ही चूक आमची.

माळा हा शब्द बाईंच्या वह्यांत पानोपानी येतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा हवेत दोनशे-अडीचशे वर्षांचा कागद टिकला, कारण गाठोडं चुलीच्या वरच्या माळ्यावर असायचं. धुराने कसर आणि वाळवी लांब राहायची, उबेने ओल धरायची नाही. मग घरात गॅस आला, कौलांच्या जागी स्लॅब आला, आणि गाठोडं उतरून लोखंडी कपाटात गेलं. बाईंनी अशी घरं दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा पाहिली, तेव्हा काही ठिकाणी कागदांची वीट झाली होती. पान पानापासून सुटत नव्हतं. हे त्यांनी फार लवकर टिपलं होतं. आम्ही ते वाचलं फार उशिरा.

दुसरी अडचण भीतीची. आपल्याकडे जुना कागद म्हटला की आधी जमीन आठवते. खोती कायद्याने १९४९ मध्ये रद्द झाली, कुळकायदाही आला, सातबाऱ्यावर नावं चढली आणि उतरली. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजच्या वाटणीत कामाला येईल की अंगावर येईल, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तो दाखवायचा नाही, फाडायचाही नाही. यावर बाईंनी स्वतःला काही नियम घालून घेतले. कागद वाचायचा तो घरातल्या सगळ्या भावांना एकत्र बसवून. एकाला वाचून दाखवायचा आणि दुसऱ्याला नाही, असं करायचं नाही. कागद घराबाहेर न्यायचा नाही. चालू वादातला कागद हातात घ्यायचा नाही. एकदा दोन चुलतभावांपैकी एकाने रात्री येऊन "नुसतं एवढंच वाचा" म्हणून गळ घातली, तेव्हा बाईंनी चहा दिला आणि दुसऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तो आलाच नाही. ते गाठोडं आजही बंद आहे.

एवढं करून त्या कागदांत निघायचं काय? लोकांना वाटे महाराजांचं पत्र निघेल, नाहीतर पुरलेल्या धनाचा पत्ता. निघत ती बागायतीची खरेदीखतं, कर्जरोखे, देवस्थानच्या मानपानाचे निवाडे, लग्नखर्चाच्या याद्या, गलबतावर चढवलेल्या नारळ-सुपारीचे आणि मिठाचे हिशेब. यजमानांचा चेहरा उतरायचा. बाईंचा उजळायचा. "दोनशे वर्षांपूर्वी तुमच्या बागेत माड किती होते ते लिहिलंय, आता किती आहेत ते मोजू या," असं म्हणून त्या मुलांना घेऊन खरोखर बागेत मोजायला जात.

शाळेतला इतिहास

चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास. आमच्या मुलांना पुस्तकातला समुद्र रोजच्या वाटेवर दिसतो. सहलीला मालवणात गेल्यावर बाई थेट होडीत बसवत नसत. आधी मोरयाच्या धोंड्यापाशी नेत. किनाऱ्यावरच्या त्या खडकावर गणपती, चंद्रसूर्य आणि पादुका कोरलेल्या आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा इथे झाली असं सांगतात. २५ नोव्हेंबर १६६४ ही तारीख सांगून झाली की बाई समोरच्या कुरटे बेटाकडे बोट करून विचारत, "एवढा चिरा तिथे नेला कसा? भरतीला की ओहोटीला?" मच्छीमारांची मुलं, जी वर्गात मागे बसत, ती इथे पुढे येत. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी कसं, यावर घरून उत्तर आणायचं असे. एका मुलाचे आजोबा विहिरी खणणारे होते. ते दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत आले आणि अर्धा तास बोलले. बाई मागच्या बाकावर बसून लिहून घेत होत्या. ती टिपणं वही क्रमांक चारमध्ये होती.

सातवीच्या मुलांसाठी त्या फळ्यावर कागदातली तारीख लिहीत: सन इसन्ने सबैन मया व अलफ. मुलं हसायची. मग त्या फोड करत. इसन्ने म्हणजे २, सबैन ७०, मया १००, अलफ १०००; बेरीज ११७२. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७१. "पण हे साल जानेवारीत सुरू होत नाही, मृगात सुरू होतं," असं म्हणताच शेतकऱ्यांच्या मुलांना कॅलेंडर पाहावं लागत नसे. मृग लागला की पेरणी, हे त्यांना ठाऊकच होतं. शेती करणाऱ्यांच्या कारभाराला साजेसं हे साल होतं, आणि पेशवाईच्या कागदांत ते का टिकलं हे मुलांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी सातवीत असताना ते गणित सोडवलं होतं. मी इतिहासाचा शिक्षक झालो तो त्या दुपारमुळे.

आणि त्यांचा एक प्रश्न असे: "असं कशावरून?" वर्गात कुणी काहीही छातीठोक सांगितलं की तो यायचा. हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला, आणि तो प्रसंग इथे सविस्तर लिहायला हवा.

हेलियमची गोष्ट

विजयदुर्गावर काही कट्टे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. आमच्याकडे सर्रास सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून निरीक्षण केलं आणि हेलियमचा शोध लागला. बाईही मुलांना वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या. उन्हाळी शिबिराच्या टिपणांत ते त्यांच्या अक्षरात आहे.

२०१० साली शिबिरातल्या एका मुलीने त्यांचाच प्रश्न त्यांना परत केला: "बाई, असं कशावरून?" बाईंकडे उत्तर नव्हतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. तिथे कुणीतरी मदत करील म्हणून त्या एसटीने गेल्या, दोन मुक्काम केले, मग पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या प्राध्यापकांना पत्रं लिहिली. हाती आलं ते असं. ग्रहण खरं. खग्रास पट्टा कोकणावरून, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा पूर्व किनाऱ्याकडे गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट त्याने तिथून पाहिला. लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडात होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, तिथूनच त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नव्हे हे ओळखलं. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्झे यांना.

बाई आठ दिवस कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. मग त्यांनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला आणि ज्या शिबिरार्थींचे पत्ते सापडले त्या सगळ्यांना स्वतःच्या हाताने लिहिलं. एक कार्ड मलाही आलं, कारण मी तेव्हा शिबिरात मदतनीस होतो. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ओटे खरे, ग्रहण खरं, लॉकियर इथे आला होता हे खरं नाही. घरी सांगितलं असेल तर घरीही दुरुस्त करा." ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

काहींना राग आला. किल्ल्याचा मान कमी केला, असं मंडळाच्या सभेत ऐकवलं गेलं. बाई म्हणाल्या, शिलाहारांपासूनचा तो किल्ला, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या स्वारीत इथेच मराठ्यांची गलबतं जळाली, आणि पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते. हे मुलांना सांगताना जीभ अडखळते, म्हणून आपण परक्याच्या शोधाची गोष्ट सांगत बसतो का? सभा शांत झाली. मला आजही वाटतं की बाईंच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं. कागद हजारो लोक जमवतात. वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपलं शिकवणं चुकलं, हे साठेक पोस्टकार्डांवर लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

वादळ

२०१९ च्या त्या बैठकीनंतर आम्ही ठराव केला की वह्यांची नक्कल करायची. ठराव इतिवृत्तात राहिला. मार्चमध्ये टाळेबंदी आली, वयस्कर माणसाच्या घरी जायचं नाही असं ठरलं, आणि दीड वर्ष गेलं.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड-आंब्यांची झाडं आडवी झाली, घरांची कौलं उडाली. बाईंच्या माजघरावरची कौलं गेली आणि एक ट्रंक रात्रभर भिजली. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, रस्त्यावरची झाडं तोडत. वीज नव्हती, पुढे बरेच दिवस आली नाही. वह्या उन्हात टाकायच्या नाहीत, पानं वळतात आणि चिकटतात, एवढं बाईंना ठाऊक होतं. शाळेच्या व्हरांड्यात सावलीत दोऱ्या बांधल्या, जुन्या सुती साड्या पसरल्या, पानांमध्ये कोरे कागद घालून दर दोन तासांनी बदलत राहिलो. बॉलपेनने लिहिलेलं वाचलं. पहिल्या सहा वह्या शाईच्या पेनाच्या होत्या. त्यांतलं बरंचसं निळं पाणी होऊन वाहून गेलं. १९७४ ते १९८१ मधली घरं त्यात होती. ठरावाच्या दिवशी नुसते मोबाईलने फोटो काढले असते तरी ती राहिली असती. याचं उत्तरदायित्व चिटणीस म्हणून माझ्यावर आहे.

दोन महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ पासूनच्या वाचनालयातही पाणी शिरलं. बाई रोज फोन करून विचारत, तिथल्या जुन्या पुस्तकांचं काय झालं? त्यांना ते स्वतःच्या घरातलं दुखणं वाटत होतं.

शनिवार

ऑगस्ट २०२१ पासून दर शनिवारी दुपारी तीन ते पाच आम्ही बाईंकडे बसू लागलो. कुणीतरी एकाने वही मोठ्याने वाचायची, बाईंनी ऐकून सांगायचं, मोबाईलवर ध्वनिमुद्रण चालू. नोंदी त्यांच्या स्वतःच्या खुणांत होत्या. "माचु" म्हणजे माळ्यावर, चुलीच्या वर. "दे" म्हणजे देवघरात. "भा ३, न २" म्हणजे भाऊ तीन, त्यांतल्या दोघांचा नकार. "सू" असेल तिथे सुनेने दाखवलं. पहिल्या शनिवारी आम्ही दोन तासांत दीड पान पुढे गेलो. मी निराश झालो होतो. बाई निराश नव्हत्या; कितीतरी वर्षांनी आपल्या वह्या कुणीतरी विचारतंय, हेच त्यांना पुरेसं होतं.

हळूहळू गती आली. नजर गेली तरी घरांचा नकाशा त्यांच्या डोक्यात शाबूत होता: फणसाखालून डावीकडे, पुढे व्हाळ म्हणजे ओढा, व्हाळ ओलांडला की घर. आम्ही मग त्या वाटेने जाऊन पाहायचो. फणस बहुधा नसायचा, व्हाळ असायचा.

वाचता आलेल्या वह्यांतून एकशे बारा घरं निघाली. त्यांपैकी चौसष्ट घरी आतापर्यंत पोचलो. एकेचाळीस घरांनी फोटो काढू दिले, चौदांनी नको म्हटलं, नऊ ठिकाणी कागद उरलेले नव्हते. त्या नवांपैकी तीन घरांनी ते आदराने समुद्रात सोडले होते, जुन्या पोथ्या सोडतात तसे. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ओलीने गेलेल्या कागदाचं काय करायचं, हे त्यांना सांगायला कुणी गेलंच नव्हतं.

बाईंचे नियम आम्ही तसेच ठेवले, त्यात दोन भर घातल्या. फोटोंचा एक संच त्याच दिवशी घरमालकाला द्यायचा, आणि संमती कागदावर घ्यायची, ज्यात घरातल्या बायकांचीही सही असेल. बाईंना ही दुसरी गोष्ट फार आवडली.

मोडी शिकायला मात्र माणसं टिकली नाहीत. गडावर चढायला एका हाकेवर चाळीस मुलं येतात, झाडोरा काढतात, घाम गाळतात. मला त्यांचं कौतुक आहे. मोडीच्या वर्गाला पहिल्या आठवड्यात सव्वीस जण होते, वर्षअखेरीस पाच. त्यांतल्या चार स्त्रिया; त्या चौघींपैकी एक अंगणवाडी सेविका, एक बँकेतून निवृत्त झालेल्या. आज कागद वाचतात त्या याच.

आता

११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे पाण्यातले आणि पाण्याकाठचे किल्ले आपल्या किनाऱ्याचे. बाईंनी बातमी तीनदा वाचून घेतली. त्यानंतर गावात जुने कागद, ताम्रपट, तलवारी विकत घेऊ म्हणणारी माणसं फिरू लागली. पंचाहत्तर वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, त्याचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. हे आम्ही प्रत्येक घरी जाऊन सांगतो आहोत. एका घराने तरी गाठोडं विकलं. पावसाळ्यात छप्पर गळत होतं, पैशांची निकड होती. मंडळाकडे ते छप्पर शाकारायला पैसे नव्हते. गडस्वच्छतेच्या टी-शर्टांसाठी त्याच वर्षी वर्गणी काढली होती. यंदापासून वर्गणीतला ठराविक भाग कागद असलेल्या घरांच्या डागडुजीसाठी बाजूला ठेवतो.

सदतीसपैकी एकतीस वह्या होत्या तेवढ्या वाचून झाल्या. शेवटच्या वहीच्या मागच्या पानावर बाईंनी एक यादी केली आहे: "परत जायचं." सात घरं, नकार मिळालेली, सर्वांत जुना नकार १९८८ चा. चार घरी जाऊन आलो, दोघांनी दार उघडलं. पाचव्या घराला वर्षभर कुलूप असतं. मालक मुंबईला, फोनवर बाईंचा आवाज ओळखला त्यांनी. गणपतीला येणार आहेत. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या, म्हणाले, आणि बाईंना घेऊन या. घर चढावर आहे, पाखाडीच्या साठ पायऱ्या. खुर्चीला बांबू बांधून बाईंना न्यायचं ठरलं आहे.